हिंग अल्ल

काम बाजार समितीतलं, कांद्याचे काटे तपासायचं,
तीन दिवसांचं. दुसऱ्याच दिवशी हमालांचा बंद.
लॉजवाला म्हणाला, तळं बघा, भुईकोट बघा,
चादर घ्या.
मी म्हटलं, कडक भाकरी कुठे शिकवतात?
त्याने माझ्याकडे असं बघितलं
जसं मी उंट कुठे मिळेल म्हणून विचारलं असावं.

मग बाळीवेशीमागच्या बोळात
चन्नव्वा बिराजदार. पंचवीस वर्षं भाकरी विकतात,
शिकवली कुणाला कधीच नाही.
किती घ्याल, विचारलं, तर म्हणाल्या,
"पीठ तुमच्या हातनं वाया जाईल, त्याचे द्या."

मी वही काढली. लिहिलं: ज्वारी, तीळ, मीठ, कढत पाणी.
पाणी किती?
"पीठ मागंल तेवढं."
म्हणजे साधारण किती मिली?
सुनेने चुलीकडे तोंड फिरवून हसून घेतलं.

पहिली भाकरी फाटली.
दुसरीचा नकाशा झाला, अक्कलकोट तालुक्यासकट.
"हिंग अल्ल," म्हणाल्या चन्नव्वा.
मी फळीवरच्या डब्यांत हिंग शोधू लागलो,
आणि आलं, म्हटलं, बाजारातून आणू का?
पदर डोळ्यांना लावावा लागला त्यांना.
"अहो, कानडी हाय ते. असं नाही, असं."
आणि माझं मनगट धरून फिरवलं,
घड्याळासकट.

बोटं उघडी. तळवा हलका.
भाकरीने स्वतः फिरायला हवं,
आपण फक्त तिच्या मागून जायचं.
इतकी पातळ की उचलताना श्वास धरावा.
मग तव्यावर, फडक्याने दाबत, दाबत.
आमच्याकडे चांगली भाकरी म्हणजे फुगलेली,
इथे फुगली की चुकली.
मंद आचेवर सगळं पाणी सोडून देते ही,
म्हणून महिनाभर कुठेही जाते.
"आमचे धनी ट्रकवर होते," एवढंच म्हणाल्या,
आणि पुढचा गोळा घेतला.

दुपारी शेंगा कुटल्या. मुसळ माझ्या हातात.
लसूण, तिखट, जिरं, मीठ.
तेल घालू?
"थांबा की. येतंय."
दीडशे घाव झाले असतील, की तीनशे,
मी मोजायचं विसरलो होतो.
उखळाच्या कडेला तांबूस तेल उमटलं
आपणहून.

निघताना पिशवीतली पेटी दिसली त्यांना,
मखमलीत झोपलेली पितळी वजनं.
"आमचा बी काटा बघा की मग."
बघितला. किलोमागे वीस ग्रॅम जास्त देत होता
गिऱ्हाइकाला. कधीपासून, कोण जाणे.
मी वहीत मांडू लागलो: रोजची चटणी इतकी,
गुणिले तीनशे पासष्ट, गुणिले
"हिंग अल्ल," म्हणाल्या चन्नव्वा.
या वेळी मी डबे उघडले नाहीत.
स्क्रूड्रायव्हर परत पेटीत ठेवला.
सव्वीस वर्षांच्या धंद्यात
चुकलेला काटा पहिल्यांदा तसाच सोडला.

कुर्डुवाडी गेल्यावर डबा उघडला.
वर त्यांच्या भाकऱ्या, चंद्रासारख्या म्हणायला नको,
झाकणासारख्या गोल.
तळाशी अक्कलकोट तालुका.
समोरच्या बाकावरचा पोरगा म्हणाला, काका, ही तुटलीय.
मी म्हटलं, ही अशीच असते,
आणि कर्नाटकाकडचा कोपरा मोडून
त्याला दिला.