ऐच्छिक

पत्रात शब्द होता 'ऐच्छिक'.
वीस मिनिटं, फोनवर, गुरुवारी संध्याकाळी सात.
नाही म्हटलंत तरी प्रवेशावर परिणाम होणार नाही,
असं ठळक अक्षरात लिहिलेलं,
म्हणूनच माइतेला शंका.

बाबा म्हणाला, ऐच्छिक म्हणजे
पाहुण्याला विचारतात ना, अजून वाढू का, तसं.
नको म्हटलं तर चालतं. लक्षात मात्र राहतं.
आणि परत टो-ट्रकखाली सरपटत गेला.

शाळेतल्या बाई म्हणाल्या, हसत बोल,
हसू फोनवरही ऐकू येतं.
तिनं आरशासमोर हसून पाहिलं.
काही ऐकू आलं नाही.

खरं तर फोन म्हणजे तिच्या हातचा मळ.
रॉलिन्सबाहेर, ऐंशी नंबरच्या हायवेवर
वारा ट्रकच्या ट्रक आडवे करतो तेव्हा
गॅरेजचा फोन रात्री तीच उचलते, चौदाव्या वर्षापासून.
गाडी सोडू नका. समोर काय दिसतंय?
टाकीत किती आहे? सोबत कोण?
रडणारे पुरुष शांत केलेत तिनं.
नेब्रास्काच्या एका बाईला झोप लागू नये म्हणून
पाऊण तास सतराचा पाढा म्हणायला लावलाय,
दोघींनाही येत नव्हता.

पण तिथं अडकलेलं माणूस पलीकडे असतं.

इथं पलीकडे डेन्व्हरच्या मिसेस लिंडक्विस्ट,
वकील, कॉलेजच्या अठ्ठ्याऐंशी सालच्या विद्यार्थिनी.
त्या म्हणणार, स्वतःबद्दल सांग.
काय सांगायचं?
बाबाची दोन काळी नखं?
कॅस्परला राहणारी आई, जिचा नाताळला फोन येतो
आणि 'बाकी काय' वर संपतो?
वीस मिनिटं तो कधीच चाललेला नाही.

बुधवारी रात्री भांडी घासून झाल्यावर
तिनं पावतीपुस्तकाच्या मागं लिहिलं:
कुठं आहेस.
समोर काय दिसतंय.
टाकीत किती आहे.
सोबत कोण.
पहिल्या तिघांची उत्तरं भराभर आली.
चौथ्यापाशी पेन थांबलं, आणि तिनं
उगाच हवामान उघडून पाहिलं.
गुरुवारी दुपारपासून बर्फ. वारा ताशी साठ मैल.

मग तिनं उत्तर लिहिलं, उभ्याउभ्याच:
'गुरुवारी जमणार नाही, मला फोनवर असावं लागेल.
शुक्रवारी सात चालेल का?'
पाठवलं.

मग वाटलं, कारण नीट सांगायला हवं होतं.
मग वाटलं, शुक्रवारी सांगू.