प्रवाह नाही

एस्को गेहार्ट निवृत्त झाला, त्याचा पिकअप माझ्याकडे आला.
मागे निळी बर्फपेटी, बाटल्यांचं खोकं,
रबरी बूट, मला दोन नंबर मोठे,
आणि पीएच मीटर, ज्याला रोज सकाळी
चारच्या नि सातच्या द्रावणात बुडवून
खरं बोलायला लावायचं असतं.
किल्ली देताना एवढंच म्हणाला:
अकरा नंबरला जाऊ नकोस. काटे फार.
शिवाय तिथे काही वाहत नाही.

केंटकीच्या या डोंगरांना आता माथे नाहीत.
कोळसा काढला, उरलेला डोंगर दरीत लोटला,
वर गवत पेरलं. गवताखालून पाणी
जुनी वाट चाचपत खाली येतं.
त्या पाण्याला परवान्यात एकोणीस तोंडं दिली आहेत.
महिन्यातून दोनदा प्रत्येक तोंडाशी उभं राहायचं:
लोह, मँगनीज, गाळ, आम्लता.
वेळेसाठी चौकोन. सहीसाठी रेघ.

जुन्या फायली मी थंडीत वाचल्या,
ऑफिसच्या हीटरला पाय लावून.
अकरा नंबर: प्रवाह नाही.
प्रवाह नाही. प्रवाह नाही.
मधूनच, बरं दिसावं म्हणून, एक आकडा:
सात पूर्णांक दोन.
चर्चचा लाकडी पूल वाहून गेला त्या आठवड्यातही
सात पूर्णांक दोन.
कुठेतरी पाणी मुरतंय
हे कळायला मीटर लागत नाही.

आणि मग चौदा नोव्हेंबर. सकाळी नऊ चाळीस.
ती सकाळ मला पाठ आहे.
त्या सकाळी ड्रूसिलाला पुरलं.
मी कॉर्न पुडिंग नेलं होतं, कुणी खाल्लं नाही.
एस्को पहिल्या बाकावर, टोपी गुडघ्यावर,
म्हातारे एकेक ओळ सांगत होते, आम्ही मागून म्हणत होतो,
तो म्हणत नव्हता.
कागद म्हणतो, तो तेव्हा अकरा नंबरला होता,
स्वच्छ बाटलीत स्वच्छ पाणी भरत.

मार्चमध्ये गेले. त्याचेच बूट घालून,
दोन-दोन मोजे चढवून.
काटे खरंच फार होते. तेवढं तो खरं बोलला होता.

वाहत होतं.
मनगटाएवढी धार, आवाजासकट,
आणि खाली दगड नारिंगी, फांद्या नारिंगी,
गेल्या शरदातली पानं नारिंगी,
जणू कुणी ओढ्याला गंजवत ठेवलं होतं.
दगड उलटला. एक अळी नाही, एक गोगलगाय नाही.
मीटर बुडवला. चार पूर्णांक एक.
पुसला, पुन्हा बुडवला.
चार पूर्णांक एक.
डेवी विचारेल, मीटर तपासलास का.
तपासला, डेवी.

मग बीचच्या झाडाखाली दिसली ती:
एक पांढरी बादली, पाच गॅलनची, उपडी,
वर बसून बसून गुळगुळीत झालेली.
भोवती तंबाखूचे डबे. त्याचाच ब्रँड.
काही नवे, काहींचं झाकण मातीत विरलेलं.
मी मोजले नाहीत. खूप होते.

म्हणजे तो यायचा.
काट्यांतून यायचा, इथे बसायचा,
हे बघत राहायचा,
आणि मांडीवर फळी ठेवून लिहायचा: प्रवाह नाही.
इथून, पानं नसली की,
खाली त्याच्या घराचं पत्र्याचं छप्पर दिसतं,
आणि विहिरीवरची पंपाची खोली.

बाटल्या भरल्या. धातूंच्या बाटलीत आम्लाचे थेंब टाकले,
लेबलवर वेळ घातली: दहा बावीस.
प्रवाहाचा चौकोन उरला.
त्याला बादली लागते आणि घड्याळ.
मी माझी बादली गाडीत विसरले होते.

म्हणून त्याची उलटी केली,
आतला कोळी झटकला, धारेखाली धरली.
एकोणीस सेकंद.
ओतली, पुन्हा धरली. एकोणीस.
पुन्हा. वीस.
तीनदा मोजायचं असतं, नियम तसा आहे.
मी चौथ्यांदाही मोजलं.