सेवा, दहा टक्के

बडीशेपेच्या बशीखाली
माझी बावीस वर्षं गेली.
म्हणजे दुपारी बारा ते साडेतीन,
आणि रात्री शेवटचं गिऱ्हाईक उठेपर्यंत.

बशी उचलायची एक पद्धत असते.
झडप घालायची नाही, लाज जाते.
आधी फडका, मग बशी,
फडक्याच्या घडीत येईल ते आपलं.
नाणं वाजलं तर खोकायचं.

सांगलीकडचे दहा ठेवायचे,
गोव्याहून आलेले वीस.
बंदरावरचा इनास काहीच नाही,
पण जाळं भरलं की मागल्या दारी
केळीच्या पानात चार बांगडे:
"सगुणा, पोरांक घाल."
एका मास्तरांनी ठेवलं एसटीचं तिकीट,
पाठीमागे पेनाने लिहिलेलं: सोलकढी उत्तम.
ते मी महिनाभर खिशात बाळगलं.
खर्च कुठे करणार?

मग तात्या खानोलीकर गेले.
निनादने मशीन आणलं,
भिंतीवर स्कॅनचा चौकोन चिकटवला,
आणि बिलाच्या तळाशी एक नवी ओळ:
सेवा शुल्क, दहा टक्के.
बशीखाली आता नुसतं टेबल.

मी तोंड सुजवून फिरलो,
वाट्या जरा जोरात ठेवल्या.
निनाद म्हणाला, काका, महिनाअखेर
सगळ्यांत सारखं वाटणार.
सगळे म्हणजे कोण, मी बोटं मोडून पाहिली:
मी, बाबल, तव्यावरची वैनी, भाकऱ्यांची सुनंदा,
आणि एक बोट उरलं.

मागे नळाजवळ, फणसाच्या सावलीत
चंद्रावती गिरप बसते.
सकाळी सातपासून सुरमई, सौंदाळे, कोळंबी.
तिला कुठलं गिऱ्हाईक बघतं?
खरं सांगायचं तर
मी तरी कुठे बघत होतो.
बावीस वर्षांत माझ्या फडक्यातून
तिच्याकडे गेलं असेल काही
तर ताटातले काटे.

महिनाअखेर तिलाही पाकीट. सातशे चाळीस.
ओल्या हाताने लांब धरून उभी,
जणू कागद विरघळेल.
"ह्ये कसले पैशे?"
सेवेचे, मी म्हटलं.
ती हसली. "सेवा देवाची करतत.
मी खवले काढतंय."

काल एक सात माणसांची गाडी आली.
जेवले पोटभर, तिसऱ्यांदा तिसऱ्या मागवल्या.
मग बिलावर बोट ठेवून एकजण:
"हे दहा टक्के काढा. सक्ती नाही करता येत."
त्यांचं बरोबरही असेल.
निनादने पडद्यावर बोट टेकवलं
आणि दोनशे साठ रुपये गेले.
वाजलेसुद्धा नाहीत.

जाताना त्याच गृहस्थाने मला बाजूला घेतलं,
मुठीत पन्नासची नोट कोंबली.
"थेट तुम्हाला. मालकाला सांगू नका."
माणूस वाईट नव्हता.
चष्मा पुसत दोनदा म्हणाला,
जेवण अगदी घरच्यासारखं.
घरी मासे कोण साफ करतं
ते मी विचारलं नाही.

रात्री मागे गेलो.
ती कोपरापर्यंत हात घासत होती,
एक खवला कानाच्या पाळीला चिकटलेला
कुडीसारखा.
"चंद्रावती, पन्नासचे सुट्टे असत काय?"

वाटलं होतं, नाही म्हणेल.
सुट्ट्यांना सगळा वेंगुर्ला नाहीच म्हणतो.
मग उद्या बघू, असं मनाशी म्हणता आलं असतं.

तिने कनवटीची पिशवी सोडली.
दहाच्या पाच नोटा, दमट, माशाच्या वासाच्या.
"मोजून घे."
मोजल्या. पाचच होत्या.
माझी पन्नासची तिच्या पिशवीत गेली,
तिने गाठ मारली, पाटी पालथी घातली.

मी तिथेच,
हातात पाच नोटा धरून
टक्के काढत उभा.
"काय रे," ती म्हणाली,
"कमी पडले काय?"