उद्दिष्ट क्रमांक तीन

ऑगस्टचा दुसरा मंगळवार. ग्रंथालयातला एसी बंद.
खिडक्या उघडाव्यात तर कत्तलखान्याचा वास आत येतो,
म्हणून बंद खिडक्यांमागे घामेजून
आम्ही मुलांची प्रगती आखत बसलोय.

भिंतीवर तीनशे बारा कार्डं:
हिरवी, पिवळी, लाल.
सातवीच्या रांगेत लाल इतकं दाट
की लांबून बघणाऱ्याला वाटावं, काहीतरी पिकलंय.

लिंकनहून आलेले सल्लागार पडद्याकडे बोट करतात.
वाचन, एकेचाळीस टक्के.
उद्दिष्ट एक. उद्दिष्ट दोन.
उद्दिष्ट तीन: मे महिन्यापर्यंत पंचावन्न.
मुख्याध्यापिका क्वास्निच्काबाई चष्मा पुसतात, पुसतच राहतात.
चौथं वर्ष, चौथा आराखडा;
तिसऱ्याची जाड फाईल दार मिटू नये म्हणून
खाली सरकवलेली आहे.
टिपणं मी घेतेय, कारण गेल्या वेळी
नाही म्हणायला मला उशीर झाला.

शितावरून भाताची परीक्षा, कबूल.
पण इथं एकेक शीत वेगळ्या चुलीवरचं.
युलालियाच्या घरात दोन भाषा, इंग्रजी त्यांतली नाही.
अब्दिरिझाकची आई रात्री दोनला मांसाच्या पट्ट्यावरून सुटते,
तोवर धाकटा भाऊ याच्या खांद्यावर;
पहिल्या तासाला गणित, आणि गणितावर त्याचं डोकं,
अक्षरशः, वहीवर टेकलेलं.
टकर ऑक्टोबरभर मक्याच्या कापणीत.
"हे कुठल्या रकान्यात लिहू?"
"इतर," सल्लागार म्हणाले.
रकाना बोटभर रुंद होता.

जेवणाच्या सुट्टीत व्हर्लिन झाडायला आला.
एकोणीस वर्षं तो या फरशा पुसतोय.
पुस्तकांच्या गाडीखालून झाडूनं एक लाल कार्ड बाहेर काढलं,
माझ्यापुढे धरलं: "कुणाचं?"
होदन. सातवी. वाचनाची पातळी, तिसरी.
"होदन? पायरीवरची?"
तो झाडूवर हनुवटी टेकून हसला.
"सव्वासहाला येऊन बसते बिचारी, आईची पाळी साडेसहाची.
थंडीत मीच आत घेतो.
बाटल्यांवरचं सगळं मला वाचून दाखवते,
डोळ्यांत गेल्यास काय, गिळल्यास काय,
न अडखळता.
माझा चष्मा घरीच राहतो ना, रोज."

कुणी काही बोललं नाही.
सल्लागारांच्या सँडविचचा कागद तेवढा वाजला.

दुपारभर घासाघीस झाली.
गणित पहिल्या तासावरून तिसऱ्यावर न्यायचं,
तर बँडचं काय, बसचं काय, दुपारच्या शिक्षकांचं काय.
ग्रंथालय सहाला उघडायचं, तर पैसे कुठून?
नाहीतच. मग किल्ली कुणाकडे?
मी टिपणं घेत होते, मान खाली होती,
वर पाहिलं तर सगळे माझ्याकडे बघत होते.
"मोजणार कसं?" सल्लागारांनी विचारलं.
मी लिहिलं: ठरवायचं आहे.

आता नोव्हेंबर. अंधारात गाडीची काच खरवडताना
मी त्या मंगळवाराला नावं ठेवते.
कुलूप गोठलेलं असतं, किल्ली मुठीत ऊबवावी लागते.
पहिल्या आठवड्यात होदन एकटी होती. आता सात-आठ.
पायपुसण्याजवळ बुटांचा चिखल, मक्याच्या गरम पोळ्यांचा डबा,
युलालिया तोंडात घास असतानाच वाचते,
मी ओरडत नाही.
अब्दिरिझाक भावाला घेऊन येतो. भाऊ चित्रं फाडतो.

डिसेंबरची चाचणी लवकर घेतली: त्रेचाळीस टक्के.
क्वास्निच्काबाईंनी आकडा दोनदा वाचला,
पंचावन्नमधून वजा केला, आणि गप्प झाल्या.
होदनचं कार्ड पिवळंही झालं नाही;
वेळ लावून चाचणी आली की ती नुसती घड्याळ बघते, म्हणते.

एक राहिलं.
हल्ली व्हर्लिन बादली दाराशी ठेवून आत येतो,
मुलांच्या खुर्चीच्या कडेवर बसतो, गुडघे हनुवटीशी.
होदन एक ओळ वाचते, मग थांबते.
तो ओळीखाली बोट ठेवतो,
फिनेलनं सोललेलं जाड बोट,
आणि फार हळू पुढे सरकवतो.
चष्मा अजूनही घरीच.

त्याला टक्केवारीत धरता येत नाही.
मी विचारून पाहिलं.