चालू ठेवायला काय लागतं

खानापूरहून फ्रान्सिसनं विचारलंय,
मलाबी सर्व्हर टाकायचाय, काय काय लागतं?

लिहून घे.
रॅम सोळा जीबी. आठात भागतं म्हणतील, भागत नाही;
बारावा गडी आत आला की डोंगर तुकड्या-तुकड्यानं उगवतो
आणि ईरण्णा भिंतीत अडकून कन्नडमध्ये शिव्या देतो.
डाऊनलोडला भुलू नको, अपलोड बघ.
घेण्यापेक्षा द्यायला जास्त लागतं इथं.

मग पत्ता. न बदलणारा.
त्यासाठी केबलवाल्याच्या हापिसात तीन खेपा.
आधारवर बेळगाव, लाइटबिलावर बेळगावी,
कारकून म्हणाला, आधी एक काय ते ठरवा.
अप्पा म्हणाले, सत्तर वर्षं ठरवूलाव की.
शेवटी मिळाला: चार आकडे, मधे तीन टिंबं.
उलटा वाचला, सुलटा वाचला,
गावाचं नाव त्यात कुठंच नव्हतं.

पोर्ट एकच उघड.
सगळी दारं सताड ठेवलीस तर रात्रीत कुणी येऊन
तेजूची केळीची बाग जाळून जाईल. जाळली होती.
म्हणून बॅकअप, रोज पहाटे चारला, वेगळ्या डिस्कवर.
गेलेलं परत आणता येतं
हे मला या खोलीत पहिल्यांदा कळलं.

खोली मागाची. वडगावात, तळमजल्याला.
चार पॉवरलूम होते, पुराच्या साली कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले,
मग किलोवर गेले.
फरशीत बोल्टांची भोकं आहेत अजून,
त्यावर पाट टाकून यूपीएस बसवलाय.
थ्री-फेज मात्र अप्पांनी तोडू दिली नाही.
रात्री तिथंच अंथरूण घालतात, पंख्याच्या घरघरीत.
किती जण हायत आत?
चौदा.
पगार?
कुणालाच नाही.
मग येतात कशाला, म्हणाले, आणि कूस बदलली.

हेस्कॉमचं वेळापत्रक भिंतीला चिकटव.
ते पाळत नाहीत, तरी चिकटव.
परवा दोनला लाइट गेली.
शिनोळीला होती, तिकडची तार दुसऱ्या राज्याची.
अप्पा जिन्यावरनं ओरडले,
ऊठ गे, तुझा माग थांबूलाय!
खाली आले तर टॉर्च धरून उभे,
बीप मोजत, तुटका धागा शोधताना उभे राहायचे तसे.
मी सेव्ह मारलं. दोन्ही लिप्यांत लिहिलं,
बाहेर पडा, सहा मिनिटांत बंद होतंय.
तेजूनं लिहिलं, माझं छप्पर राहिलंय.
कोणी बाहेर पडलं नाही. ईरण्णा फळ्या घेऊन निघाला,
मागनं बाकीचे, अंधारात, ज्याच्या हाताला जे लागलं ते घेऊन.
अप्पा वाकून बघत होते.
तो कोपरा उघडा ऱ्हायलाय, म्हणाले, सांग त्यास्नी.
सांगितलं.

तर फ्रान्सिस, रॅम सोळा,
आणि जवळ झोपणारं कुणीतरी, सावध झोपेचं.
लॅन केबल विकत घेऊ नको.
माझ्याकडं वीस मीटर पडलीय.