बारानंतर चौदा

पहिल्या वर्षी ऑटर्सलीचं टपाल
माझ्या एका मुठीत मावायचं.
अकरा घरं. डांबर पडायचं होतं,
गटारांची झाकणं रस्त्याच्या वर वीतभर उभी,
आणि मी गमबुटात, चिखल चुकवत.
पाकिटांवर रस्त्याचं नाव नसायचं:
प्लॉट ६१, प्लॉट ६४.
लोक चहाचा मग घेऊन दारात उभे,
विजेच्या बिलाचीही वाट बघत.
बिल आलं म्हणजे पत्ता खरा.

नमुना घरात मेणाची सफरचंदं होती,
पुठ्ठ्याचा टीव्ही,
आणि खोली मोठी दिसावी म्हणून
चार बोटं आखूड बनवलेला पलंग.
हे मला लिनेटनं सांगितलं. ती तिथे दिवसभर
गृहिणीसारखी हसायची
आणि डबा बाहेर, गाडीत बसून खायची.

मग नावं आली. बिल्डरला तीन मुली:
फिलिपा अव्हेन्यू, रोझलिंड ड्राइव्ह, इमोजेन क्लोज.
कित्येक वर्षांनी एक बाई
पाटीशी थांबलेली दिसली, उंची कोट, हातात कॅमेरा.
"धाकटी मी," म्हणाली. "बघा ना,
सात घरं, की पुढे भिंत."
मी म्हटलं, तुमच्या गल्लीत एकही कुत्रा चावत नाही,
माझ्या लेखी तीच मोठी.
हसली. फोटो न काढताच गेली.

रोझलिंड ड्राइव्हला तेरा नंबर नाही.
बारानंतर चौदा. विकताना अडायला नको.
चौदामध्ये विनिफ्रेड पॅजेट.
तिसऱ्या हिवाळ्यात तिचा नवरा बुटाची नाडी बांधायला
जिन्यात बसला, तो उठलाच नाही.
सांत्वनाच्या कार्डांचा गठ्ठा, वर रबरबँड,
मी तिच्या हातात दिला.
दार धरून ती म्हणाली,
"ग्लेनिस, मला मोजता येतं गं."

वस्ती कशी वाढली, ते माझ्या खांद्याला विचारा.
एक पिशवी, दोन पिशव्या, चाकांची ट्रॉली, शेवटी व्हॅन.
शाळा नकाशावर नऊ वर्षं
हिरव्या चौकोनात बसून राहिली,
तोवर पोरं बसनं शिकून आली.
ज्याच्या जन्माची कार्डं मी आणली
त्या पॅजेटबाईंच्या नातवाला आज
आजीच्या शेजारचं गॅरेजसुद्धा परवडत नाही.
त्याचं टपाल आता चाळीस मैल पुढे जातं.

आणि दर जानेवारीत एक जाड पाकीट:
मि. डब्ल्यू. टॉमलिन, बार्टन्स फार्म.
बियाण्यांचा कॅटलॉग.
बार्टन्स फार्म म्हणजे आताचं दुसरं राउंडअबाउट,
आणि टॉमलिन म्हणजे चर्चमागे, यू झाडाखाली.
नियमानं परत पाठवायचं. पाठवत राहिले.
कॅटलॉग येत राहिला.

फिलिपा अव्हेन्यू, सत्तेचाळीस. मि. क्वाबेना ओसेई, बसचालक.
त्यांच्या हिरवळीतून काटेरी कोंब वर यायचे.
कापले की यायचे, उपटले की यायचे,
खाली अर्ध्या विटा, प्लास्टरचे ढेकळे, तरी यायचे.
"हे काय आहे हो?" त्यांनी कुंपणावरून विचारलं.
मी ओळखलं. पानानं नाही, जागेनं:
सहा वर्षांची मी इथेच पकडले गेले होते,
फ्रॉकच्या ओच्यात डॅमसन,
आलुबुखाराचं ते आंबट, काळंनिळं भावंड,
आणि टॉमलिननं माझा कान नाही, फ्रॉक धरला होता,
फळं सांडू नयेत म्हणून.

मि. ओसेईंनी एक कोंब राखला.
पुढच्या जानेवारीत मी नियम मोडला.
कॅटलॉग सत्तेचाळीसच्या फटीतून आत टाकला.
कुणी तक्रार केली नाही.

निवृत्तीच्या आठवड्यात त्यांनी मला बरणी दिली,
पहिल्याच फळांचा जॅम. झाकणाला फडकं, वर सुतळी.
घरी येऊन पावाला लावला.
भलताच आंबट.
वर साखर भुरभुरली, आणि
दुसरा पाव कापला.