गज आत किती जातो

निपाणीहून जिनगोंडा पाटलांचा निरोप आला:
निवडणूक लागली, ठाण्यात हत्यार जमा करायचंय,
फॉर्म कानडीत आहे, तेवढा नात भरेल,
पण ‘बनावट’ या रकान्यात काय लिहायचं?
तुम्ही बघून सांगा, मिस्त्री.

तंबाखूच्या वखारीत, वजनकाट्याशेजारी,
जुन्या धोतरात गुंडाळून निजवलेली.
पंचवीस वर्षं मी बेळगावात, कॅम्पात आर्मरर होतो.
हजारो रायफली या हातांखालून गेल्या,
सगळ्या एका आईच्या, नंबरानं ओळखायच्या.
ही तसली नव्हती.

जोडनळी. टोपीची.
नळ्या पिळाच्या: लोखंड आणि पोलाद वळून, ठोकून
इतकं एकजीव, की तेलाचा बोळा फिरवताच
कात टाकल्यासारखी नक्षी वर आली.
दोन घोडे, पण तोंडं माशांची.
चापाच्या पट्टीवर द्राक्षवेल,
वेलीतून उठणारा लांब चोचीचा पक्षी,
मागं झिपऱ्या कानांचं कुत्रं,
ज्याला बघून आमच्या मुधोळच्या हाडकुळ्या कुत्र्यानं
जांभई दिली असती.
दस्त्याच्या टोकाला अक्रोडात कोरलेलं रानडुकराचं मुंडकं,
सुळे हस्तिदंती. एक तुटलेला.

“आम्ही जैन,” जिनगोंडा म्हणाले, “घरात मुंगी मारत न्हाई.
पणजोबांनी कुणाला तरी रुपये दिले, गहाण म्हणून ही आली.
सोडवायला कोण आलंच न्हाई.
खंडेनवमीला हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची, बस्स.”
कुंकू होतं खरंच,
पक्ष्याच्या डोळ्यात साठून घट्ट झालेलं.

दोन नळ्यांमधल्या पट्टीवर सोन्याच्या तारेची अक्षरं.
सुव्रतानं मोबाइल धरला, चाचपडत वाचलं: सेंत-एत्येन.
फ्रान्समधलं गाव आहे, म्हणाली.
“संत हाय व्हय कोण?” पद्मव्वांनी चहा ठेवत विचारलं.

मग मी गज काढला.
सवयच ती. बंदूक कुणाचीही असो, आधी गज.
डाव्या नळीत सोडला: खण्णकन तळाला.
वर आला तो काळा. उडवून धुतली नव्हती.
उजवीत सोडला.
आवाज मऊ आला,
चार बोटं गज बाहेर उरला.

पुन्हा मोजलं. मग सगळ्यांना उठवलं,
चहासकट बाहेर, आंब्याखाली.
“भरलेली हाय?”
आहे.
“कवापासनं?”
तुम्ही माळा घालताय त्याच्याही आधीपासनं.

टोपी नव्हती, तरी पाठीला घाम आला.
नळीत पाणी सोडून दुपारपर्यंत थांबलो,
स्क्रू लावून ओढलं. आधी कागदाचा बोळा,
मग छर्रे, सुव्रता वाटीत मोजत गेली,
मग नारळाच्या काथ्याची गुडदी,
मग करपलेल्या काकवीसारखी दारू.
कागद उलगडला तर मोडी.
आमच्यात कुणाला येते मोडी?
सातापुढची उभी रेघ तेवढी कळली: सव्वासात.
कशाचे, ते नाही.

एक बार उडवला, दुसरा राखला,
आणि तसाच येऊन कुणी ती गहाण टाकली.
पहिला कशावर? दुसरा कुणासाठी?
जिनगोंडा वाटीकडं बघत बसले.
“आणि आम्ही हिला लेकरांच्या हातनं कुंकू...”
पुढं बोलले नाहीत.

मी सांगितलं तसं सुव्रतानं कानडीत उतरवलं:
फ्रेंच, जोडनळी, टोपीची, रिकामी.
‘रिकामी’पाशी पेन थांबलं.
“याला रकाना न्हाई, काका.”
समासात लिही, म्हटलं.